सत्तरची बेरीज

ताई सोमवारी सकाळी गेली. परळच्या हॉस्पिटलात. नर्सने वेळ लिहिली. दादाने सही केली. मी ताईची पिशवी उचलली आणि आम्ही जिन्याने खाली आलो.

खाली, गाडीची वाट बघत उभे असताना दादा म्हणाला, "तेराव्याला मी ते सत्तरचं सांगीन म्हणतो. लोकांना आवडेल. तिलाही आवडायचं."

तिला ते आवडत नसे. हे मला माहीत होतं, तरी मी काही बोलले नाही. आयुष्यभर ह्या एका गोष्टीवर मी गप्प बसत आले आहे, आणि त्या फूटपाथवर, ताई वर तिसऱ्या मजल्यावर असताना, मी पुन्हा एकदा गप्प बसले. नंतरचे बारा दिवस मला दुःख कमी आणि राग जास्त होता. तो दादावर होता, बाबांवर होता, माझ्यावर होता, आणि हसू येईल, पण एका संख्येवरही होता.

आमची परळच्या चाळीतली खोली तिसऱ्या मजल्यावर, नंबर सत्तर. चौकटीवर पिवळ्या रंगात आकडा होता. आत आम्ही सात माणसं. बाबा, आई, बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, बाबांची विधवा बहीण म्हणजे आत्या, मग ताई, दादा आणि मी. बाबा गिरणीत टाइमकीपर होते. कोण आलं, कोण नाही, कोण किती तास, ह्याच्या बेरजा करणं हे त्यांचं काम. त्यांना शाळा फार मिळाली नव्हती, पण आकड्यांचं वेड होतं. रविवारी सकाळी गॅलरीत बसून ते चाळीतल्या खोल्यांचे नंबर सोडवायचे.

त्यांचा खेळ असा. एखादा नंबर घ्यायचा. त्याला निःशेष भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या काढायच्या, तो नंबर स्वतः सोडून. मग त्यातल्या काही निवडून, प्रत्येक एकदाच वापरून, बेरीज बरोबर त्या नंबराइतकी आणायची. खोली नंबर बारा घ्या. एक, दोन, तीन, चार, सहा. सहा, चार आणि दोन, झाले बारा. आमच्या पलीकडच्या बहात्तरचं तर चटकन व्हायचं, छत्तीस, चोवीस आणि बारा. सहासष्टचं तेहेतीस, बावीस, अकरा. मधल्या एकाहत्तरला एकाशिवाय कशानेच भाग जात नाही. तिथे एक हवालदार एकटे राहायचे. बाबा म्हणायचे, "बघा, नंबरानेच लिहून ठेवलंय, ह्या माणसाच्या घरात दुसरं कोणी येणार नाही." हवालदारांना हे कुणीतरी सांगितलं. ते बाबांशी वर्षभर बोलले नाहीत.

सत्तरचे विभाजक सात आहेत: एक, दोन, पाच, सात, दहा, चौदा, पस्तीस. घरात माणसंही सात. बाबांना ह्याचा इतका आनंद झाला की त्यांनी एकेक विभाजक एकेकाला वाटून टाकला. पस्तीस स्वतः. चौदा आई. दहा काका, कारण ते कमावते. मग सात दादाला. पाच आत्याला. दोन ताईला आणि एक मला. ताई दादापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. तिने विचारलं, "मला दोन का?" बाबा म्हणाले, "मुलगी ना तू." त्यांनी ते रागाने किंवा कमी लेखून म्हटलं नव्हतं. भाजी आणायला सांगावी तसं म्हटलं होतं. मला त्याचाच जास्त राग येतो.

मग त्यांनी बक्षीस लावलं. सातातले कोणते घेऊन सत्तर होतात ते जो शोधेल, त्याला माळा.

माळा म्हणजे मोरीच्या वर फळ्या टाकून केलेली जागा. तिथे ट्रंका आणि गोधड्या असायच्या. त्या एका बाजूला सरकवल्या की एक माणूस मांडी घालून बसू शके. वर एक बल्ब होता. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, काकांची गिरणीतली पाळी बदलली की दिवसाही कुणीतरी झोपलेलं, अशा घरात तो माळा काय होता हे आज पटवून देणं कठीण आहे. दादा तेव्हा बारा वर्षांचा, ताई चौदाची, मी नऊची. तिघांनाही तो हवा होता. ताईला सगळ्यात जास्त हवा होता. तिला गणितात वर्गात पहिली यायची सवय होती आणि घरात ती मोरीजवळ, कपड्यांच्या गाठोड्याला पाठ टेकून अभ्यास करायची.

ताईने चार दिवसांत उत्तर काढलं. कॅलेंडरच्या पानाच्या पाठीमागे तिने लिहिलं होतं. मी ते तिच्या खांद्यावरून वाचलं आणि मला ते अजून पाठ आहे. सगळ्यांची बेरीज चौऱ्याहत्तर येते. म्हणजे चार जास्त. नेमके चार बाहेर काढायचे आहेत. पाच काढले तर एक कमी पडतो. पाचाहून मोठं काही काढलं तर आणखी कमी. राहिले एक आणि दोन. दोन्ही काढले तरी तीनच जातात, एक जास्तच उरतो. म्हणून सत्तर होत नाही.

तिने ते बाबांना दाखवलं. बाबा गिरणीतून येऊन चहा पीत होते.

"होत नाही म्हणजे?"

"होतच नाही, बाबा. चार काढता येत नाहीत."

"सहासष्टचं होतं, बहात्तरचं होतं. आपल्याच खोलीचं कसं होणार नाही?"

"प्रत्येकाचं व्हायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"उत्तर नाही हे काही उत्तर झालं का गं? जा, परत कर. आळस करतेस."

आत्या तांदूळ निवडत बसली होती. ती पोरीची बाजू घेत मालवणीत म्हणाली, "चेडवाक उगाच करवादतस. तुका येता काय तां?" बाबा हसले आणि बशीत चहा ओतला. ताईने पान घडी करून दप्तरात ठेवलं. तिने परत केलं नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आठवड्याने, रविवारी दुपारी, दादा मला गॅलरीच्या टोकाला घेऊन गेला. वहीत त्याने एक ओळ लिहिली होती. पस्तीस अधिक दोन अधिक चौदा अधिक दहा अधिक दोन अधिक सात. "कर बेरीज," तो म्हणाला. मी केली. सत्तर आले. मग मला दिसलं.

"दोन दोनदा आलाय," मी म्हटलं.

"गप. बाबा बघणार नाहीत."

"ताई बघेल."

"ताईचं कोण ऐकतंय? हे बघ, माळा मिळाला की दुपारी तू वर बसायचंस. तुझी पुस्तकं घेऊन. मी शाळेत असतो ना तेव्हा."

माझी शाळा सकाळची होती. शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तकं मी आणायचे आणि घरात ती वाचायला बसलं की कुणीतरी काम सांगायचं. मी बरं म्हटलं.

दादा म्हणाला तसंच झालं. बाबांनी पाहिलं नाही. गिरणीतल्या कामाची त्यांना एक सवय लागली होती. पानावरचे आकडे वरून खाली झपाझप उतरत जायचे, तळाची बेरीज जुळली की सही ठोकायची. आकडा कुणाचा, तो माणूस एकदा आलाय की दोनदा, हे बघणं दुसऱ्या कारकुनाकडे असे. त्यांनी दादाच्या वहीवरून बोट फिरवलं, ओठांत पुटपुटत बेरीज केली, सत्तर म्हणाले आणि खाली सही केली. वहीसुद्धा न मिटता ते तसेच जिना उतरून गेले.

चाळीच्या दारात एक काळा फळा होता आणि बाबा चाळ कमिटीचे चिटणीस असल्याने त्यावर तेच लिहायचे. पाण्याची वेळ, सत्यनारायणाची पूजा, कुणी पास झालं, कुणी गेलं. त्या दिवशी त्यांनी दादाचं नाव लिहिलं, खोली नंबर सत्तर लिहिलं, आणि खाली ती पूर्ण ओळ लिहिली. त्यांचं अक्षर सुंदर होतं. संध्याकाळपर्यंत निम्मी चाळ दादाच्या पाठीवर थाप मारून गेली होती.

ताई बाहेरून पाणी घेऊन आली तेव्हा तिने फळा वाचला. कळशी ठेवली आणि सरळ बाबांपुढे उभी राहिली.

"बाबा, दोन एकदाच आहे. दादाने दोनदा धरलाय."

बाबांनी डोळे मिटून ओळ आठवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं. एवढं मी खात्रीने सांगू शकते. चेहरा क्षणभर उतरला. मग ते म्हणाले, "फळ्यावर गेलं ते गेलं आता."

"पण चूक आहे ते."

"अगं, घरात तसंही दोघींचं काम तू करतेस. धरली दोनदा तर काय बिघडलं?" आणि ते हसले. काका हसले. दादाही हसला. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे माका आनी ह्या धाकट्या चेडवाक भायर काढलंस. बरा केलंस." आई चुलीशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, मी बोलेन. मी नऊ वर्षांची होते, पण बेरीज मला येत होती. मी नखं खात बसले.

फळा पाच दिवस तसाच राहिला. मग दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा गेले आणि बाबांनी तो पुसून त्यांचं नाव लिहिलं.

माळ्यावर दादा शिकला. इंजिनिअर झाला. त्याने मेहनत केली, नाही असं मी म्हणणार नाही. दुपारी मी वर बसायचे. सहा वर्षं बसले. ज्या वाचनाबद्दल लोक माझं कौतुक करतात ते सगळं तिथलं आहे. खाली ताई काकांचा डबा भरत असायची. फळ्यांच्या फटीतून मला तिचा भांग दिसायचा. अकरावीनंतर तिने कॉलेज सोडलं आणि म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात केसपेपरच्या खिडकीवर लागली. लग्न केलं नाही. गिरणी बंद पडल्यावर काका गावी गेले, मग आत्या गेली, आई गेली, आणि बाबांचं शेवटचं सगळं ताईने केलं. खरोखरच दोघींचं काम.

मी गिरगावात एका वाचनालयात नोकरीला लागले. तिथे, नोकरीच्या दहाव्या की बाराव्या वर्षी, परत आलेल्या पुस्तकांत संख्यांवरचं एक पुस्तक होतं. कपाटात लावण्याआधी मी ते चाळलं आणि सत्तर सापडला. ज्या संख्येच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून जास्त भरते त्या संख्यांचा एक वर्ग आहे. बारा, अठरा, चोवीस त्यातले. त्या बहुतेकांत काही विभाजक गाळून नेमकी बेरीज साधता येते. पण काही थोड्या संख्या अशा आहेत की विभाजकांची बेरीज जास्त असूनही ते कसेही निवडले तरी जमत नाही. गणितवाले त्यांना विचित्र संख्या म्हणतात. त्यांत सगळ्यात लहान सत्तर. त्यानंतरची थेट आठशे छत्तीस. विभाजकांची बेरीज पुरेशी भरते अशा सत्तरच्या आधीच्या एकाही खोलीवर बाबांचा खेळ अडला नसता, आणि आमच्या चाळीत आठशे छत्तीस खोल्या नव्हत्या. म्हणजे बेरीज पुरून उरत असूनही गणित सुटणारं नव्हतं अशी अख्ख्या चाळीत एकच खोली होती, आणि ते एका मुलीने कॅलेंडरच्या पाठीमागे चार दिवसांत सिद्ध केलं होतं.

पुस्तकात सत्तरचं आणखीही कौतुक होतं. दोन, पाच, सात ह्या तीन मूळ संख्यांचा गुणाकार. अंकांची बेरीज सात आणि सातानेच भाग जातो. एकापासून चोवीसपर्यंतच्या संख्यांचे वर्ग मिळवले तर बरोबर सत्तरचा वर्ग येतो. आठ माणसांतून चार निवडायचे सत्तर प्रकार होतात. मी ते सगळं उभ्याने वाचलं आणि मला ती संख्या एखाद्या गोडबोल्या नातेवाइकासारखी वाटली. बाहेर सगळीकडे तिचं नाव, आणि घरात तिने काय केलं ते आम्हाला माहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ताईच्या खिडकीशी गेले. बायकांची रांग संपायची वाट बघितली आणि तिला सांगितलं. तिने डबा उघडता उघडता विचारलं, "म्हणजे त्यांनाही नाही सापडलं?"

"नाहीच आहे गं ताई. तू म्हणालीस तसंच. जगभर तेच म्हणतात."

ती हसली. मग म्हणाली, "दादाला सांगू नकोस."

"का?"

"सांगून काय? माळा परत देणार आहे? आणि आता मला एवढ्या लहान जागेत बसता येईल का?" तिने डब्याच्या झाकणात मला भेंडीची भाजी वाढली. मी तिचं ऐकलं. ऐकणं मला सोयीचं होतं, कारण दादाला सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं.

चाळ आता पाडली आहे. माणसं पांगली आहेत. तेराव्याला दादाच्या दादरच्या फ्लॅटमध्ये त्यातली बरीच आली, बहात्तरमधल्या काकूही, काठी टेकत. ताईच्या ऑफिसातल्या चार बायका होत्या. जेवणं झाली, आणि दादाने सांगायला सुरुवात केली. तो चांगलं सांगतो. बाबांची नक्कल केली, हवालदारांची केली, लोक हसले. मग म्हणाला, "सात माणसं, सात आकडे. ताई दोन नंबर. मी रात्रंदिवस डोकं लावलं आणि शेवटी सोडवलं. ताई बिचारी म्हणायची, होतच नाही!"

लोक पुन्हा हसले. एवढं हसणं मला पुरेसं झालं.

"ते चूक होतं," मी म्हटलं.

"काय?"

"तुझं उत्तर. तिचं बरोबर होतं. सत्तर होत नाही. पुस्तकात आहे, कुठेही बघ."

वहिनी पटकन म्हणाल्या, "आज नको ना हे. आजचा दिवस."

"आजच पाहिजे. तो आजच सांगतोय."

दादा हसत राहिला. "हिचं कायम असंच. अगं, बाबांनी तपासलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं."

बहात्तरच्या काकू म्हणाल्या, "हो गं बाय. फळ्यावर तर ह्याचंच नाव होतं. मी वाचलंय ना."

दादाची मुलगी पाण्याचे पेले गोळा करत होती. ती थांबली. "पप्पा, तुमचं उत्तर काय होतं?" त्याला ते तोंडपाठ होतं. त्याने म्हणून दाखवलं. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "पण ह्यात दोन दोन वेळा आलाय."

खोलीत कुणी हसलं नाही. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाबांच्याही व्हायच्या.

"बारा वर्षांचा होतो मी! चुकून झालं असेल."

"चुकून नाही," मी म्हटलं. "गॅलरीत मला दाखवलं होतंस. बाबा बघणार नाहीत म्हणालास."

"आणि तू?" आता तो ओरडला. "तू काय केलंस? दुपारभर माळ्यावर कोण लोळायचं पुस्तकं घेऊन? तेव्हा आठवली नाही ताई? आज ती गेल्यावर आली मोठी न्याय करायला!"

"मीही खाल्लंय त्यातलं. सगळ्यांसमोर सांगते, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. आता तू सांग. एवढंच म्हण, ताईचं बरोबर होतं."

मी वाट पाहिली. ऑफिसातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. तीन शब्द होते. मला वाटलं, तो म्हणेल. तो वाईट माणूस नाही. हॉस्पिटलात रात्री तोच बसायचा, ताईची नखं त्यानेच कापली होती.

तो लोकांकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "हिची मनःस्थिती ठीक नाहीये. दोघी फार जवळ होत्या ना." मग वहिनींना म्हणाला, "सगळ्यांना सुपारी दे गं."

लोकांना बरं वाटलं. काकूंनी माझा हात धरून थोपटला, आजारी माणसाचा धरतात तसा. मी चपला घातल्या. जिन्यापाशी भाची मागून आली. "आतू, ते सिद्ध कसं करायचं? होत नाही ते?" मी तिथेच, लिफ्टच्या दाराशी, चौऱ्याहत्तर, चार जास्त, पाच, दोन, एक असं तिला ताईच्या शब्दांत सांगितलं. तिने एकदाच ऐकलं आणि मान हलवली. घरात जाऊन बापाला काही बोलली की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर दादाचे दोन फोन आले. पहिल्यांदा ताईच्या पेन्शनच्या कागदांसाठी. दुसऱ्यांदा तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि थांबला. मी म्हटलं, "बोल." तो म्हणाला, "काही नाही. जेवलीस का?" मी फोन ठेवला.

ताईचं उत्तर बरोबर होतं हे आता तीन माणसांना माहीत आहे. मला, दादाला आणि त्याच्या मुलीला. दादा ते अजून बोललेला नाही. मी त्याच्या घरी जात नाही.